मागच्या दाराचं इंग्रजी

"हाऊ आर यू, असं बाईनं विचारलं की काय म्हणायचं?" मुकादमाने विचारलं.

"आय अॅम फाइन," मोठी म्हणाली आणि म्हणतानाच तिला धडकी भरली.

भरणारच. या शेडमध्ये फाइन या शब्दाचा आजवर एकच अर्थ होता. उशीर झाला, फाइन. शेंग मोडली, फाइन. टेबलावर बसून हसलात, फाइन. शनिवारी हातात पैसे पडायचे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द असायचा, तुला किती फाइन आणि मला किती फाइन. आणि आता तोच मुकादम सांगत होता की परदेशाहून पाहुणी येईल, कशी आहेस म्हणून विचारेल, तर हसून सांगायचं, मी फाइन आहे.

"मुकादम, हे अंगाशी तर नाही ना येणार? आपणच म्हणायचं, मला दंड करा?"

टेबलाभोवतीच्या बायका फिस्सकन हसल्या. मुकादम मात्र हसला नाही. "तो फाइन वेगळा, हा वेगळा. तू डोकं चालवू नकोस, तोंड चालव. पुढचं. डू यू लाइक युअर वर्क?"

"यस, व्हेरी मच."

"हाऊ लाँग?"

"फोर इयर्स."

"डू दे लॉक द बॅक डोअर?"

मोठीची बोटं शेंगांवरून थांबली. मागच्या दाराकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. धुण्याच्या हौदापलीकडे ते लोखंडी दार उभं होतं. त्याच्या कडीत कुलूप लटकत होतं, आणि हौदापाशी तिची जाऊ पाण्यात हात घालून खोकत होती.

"बोल की."

"नो," मोठी म्हणाली.

"शाब्बास. यालाच म्हणतात तयारी."

शेड शेंगांचं होतं. आजूबाजूच्या मळ्यांतून हिरव्या शेंगा यायच्या. बायकांनी त्यांचे देठ खुडायचे, वाकड्यातिकड्या बाजूला काढायच्या, धुवायच्या, क्रेटमध्ये भरायच्या. क्रेट थंड खोलीत आणि तिथून कुठल्या कुठे जायचे. यंदा उन्हाने वेलच करपले होते. माल निम्म्यावर आला आणि आसपासच्या दोन शेडना टाळं लागलं. त्यात माल घेणाऱ्यांची बाई तपासणीला येणार होती. मागच्या खेपेला प्रत्येक प्रश्नाला हापिसातला माणूसच उत्तर देत होता, म्हणून ती नाराज झाली होती. आता तिने आधीच कळवलं होतं की मला एका कामगार बाईशी एकटीने बोलायचं आहे, सोप्या इंग्रजीत बोलेन. मुकादमाने मोठीला निवडलं. एकाच घरच्या दोघी जावा कामाला असल्याने शेडनेच त्यांना मोठी आणि धाकटी अशी नावं पाडली होती. त्यातली मोठी बोलायला धीट, आणि एकदा ऐकलेलं विसरायची नाही. शिवाय तिची नड मुकादमाला ठाऊक होती.

नड म्हणजे तिचा नवरा. याच शेडवर तो हमाली करायचा. दोन महिन्यांपूर्वी गाडीवर क्रेट चढवताना फळीवरून पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाठीवर ओझं आता विसरा. मुकादमाने मोठीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काट्यावरचा म्हातारा जातोय. बसून काम आहे, नुसतं वजन बघायचं. पाहुणी खूश होऊन गेली की तुझ्या नवऱ्याला तिथे बसवतो. शब्द आहे माझा."

त्या दिवसापासून मोठीचं खाणंपिणं इंग्रजीत चाललं होतं. भांडी घासताना फाइन, पाणी भरताना फोर इयर्स. झोपेत एकदा ती 'व्हेरी मच' म्हणाली तेव्हा नवरा दचकून उठला होता.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेवर नवरा, पाय उशीवर. त्याच्याही अंगात काट्याचं वारं शिरलं होतं. पडल्या पडल्या तो हातात सापडेल ती वस्तू तोलायचा. "हा तांब्या भरून किती होईल गं? सव्वा किलो?" मग धाकटीला दुकानातून वजन करून आणायला लावायचा, आणि फरक पावशेराच्या आत आला की लहान पोरासारखा खूश. काट्यावर बसायला म्हणून त्याचा निळा सदरा उशीखाली घडी घालून ठेवला होता, इस्त्री व्हावी म्हणून. एवढा थोरला माणूस, पण लघवीलासुद्धा बायकोने भांडं धरावं लागायचं, आणि तेव्हा तो भिंतीकडे तोंड करायचा. सदऱ्याबद्दल बोलताना मात्र तो तिच्याकडे बघून बोलायचा. मोठीला ते फार दिवसांनी दिसत होतं.

आत धाकटी चुलीपुढे खोकत होती. तिचा नवरा लांब रस्त्याच्या कामावर गेलेला, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ताई, त्या बाईला कुलपाचं सांगणार ना तुम्ही?" तिने विचारलं.

मोठीने भाजी चिरायला घेतली. "मला जे शिकवलंय ते मी सांगणार."

"मी त्या दिवशी मेले असते."

"मेलीस का? नाही ना?"

बोलून गेल्यावर मोठीला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. थंड खोलीच्या यंत्रातून वायू सुटला होता तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. वास असा की डोळ्यांत कुणी बोटं घातल्यासारखं झालं. सगळ्या बायका पुढच्या दाराने पळाल्या. धाकटी एकटी मागे हौदापाशी, मध्ये ती थंड खोली. ती मागच्या दाराकडे धावली आणि दाराला कुलूप. बायका त्या दाराबाहेर पाच मिनिटं जास्त सावलीत बसतात म्हणून मुकादम दुपारनंतर ते लावायचा. धाकटी दारावर थापा मारत राहिली. किल्ली मुकादमाच्या खिशात आणि मुकादम बाहेर, तोंडाला रुमाल लावून. दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यावर आडवी होती. तिच्या तळहातांना दाराचा गंज लागलेला मोठीनेच धुतला होता.

"तिला खरं सांगितलं आणि तिने माल बंद केला तर?" मोठी जरा मऊपणाने म्हणाली. "मग तुझं काम जाईल, माझं जाईल. आणि ह्यांचा काटा?"

"भावजींचा काटा," धाकटी म्हणाली. "बरोबर आहे. माझ्या छातीचं काय, ती काट्यावर कुठे चढते!"

त्या दिवशी दोघींनी एकमेकींना खाली मान घालून वाढलं.

घरात खरं इंग्रजी येणारं माणूस एकच, सासूबाई. तरुणपणी धरणाचं काम चालू असताना त्या एका परदेशी इंजिनिअरच्या घरी मूल सांभाळायला होत्या. त्यांच्या इंग्रजीत 'नो टच', 'हॉट हॉट', 'गुड बॉय' आणि 'सॉरी मॅडम' एवढा ऐवज होता, पण त्याचा तोरा केवढा! सुनेला कुणी बाहेरचा शिकवतो हेच त्यांना खपत नव्हतं.

"तो मुकादम तुला उत्तरं शिकवतोय," त्या म्हणाल्या. "प्रश्न कोण शिकवणार? तिने सरळ विचारलं तर ठीक. नकार घालून विचारलं तर?"

"म्हणजे कसं, आई?"

"मडम एकदा बाहेरून आली. मला विचारते, बेबी डिडन्ट ईट? बाळ जेवलं नाही? आता खरंच जेवलं नव्हतं, सगळं थुंकून टाकलं होतं मेल्याने. आपण काय म्हणतो? हो बाई, नाही जेवलं. मी म्हटलं, यस मॅडम. ती म्हणाली गुड, आणि दिवा घालवून त्याला निजवलं की! पोर भुकेनं रडून रडून लाल. मला वाटलं, काय बाई आहे, उपाशी पोराला निजवते. आणि तिला वाटलं, जेवलेलं पोर का रडतंय."

धाकटीला हसू फुटलं आणि हसताना खोकला आला. मोठीही हसली.

"त्यांचं हो-नाही आपल्यासारखं नसतं," सासूबाई म्हणाल्या. "जेवलं नसेल तर नोच म्हणायचं, मग प्रश्न कसाही येऊ दे. आपण विचारणाऱ्याला हो म्हणतो, ते झालेल्या गोष्टीला हो म्हणतात. नीट ध्यानात ठेव. मी तर पुढे नुसती मान हलवायला लागले. तर आमची मान हो म्हणते का नाही म्हणते तेही मडमला कळेना!"

मोठीने ते ध्यानात ठेवलं. जेवलं नसेल तर नो. लावत नसतील तर नो. कसंही विचारलं तरी नोच. म्हणजे सोपं होतं.

पाहुणी आली त्या दिवशी सकाळपासून मोठी उत्तरं पुटपुटत होती. शेड धुऊन पुसून लख्ख. बायकांना नव्या टोप्या. मागच्या दाराचं कुलूप मुकादमाने काढून खिशात टाकलं होतं, आणि खिसा फुगलेला दिसू नये म्हणून तो वरून हात ठेवून फिरत होता. निघताना नवऱ्याने निळा सदरा अंगात घातलेला तिने पाहिला होता. "अहो, आज लगेच थोडंच बोलावणार आहेत?" ती म्हणाली होती. "असू दे गं. बोलावलं तर तयार असावं," तो म्हणाला होता.

पाहुणी उंच होती आणि उन्हाने टोमॅटोसारखी लाल झाली होती. तिच्यासाठी खुर्ची आणली तर ती खुर्चीवर बसलीच नाही. एक क्रेट पालथा घालून त्यावर बसली, दुसऱ्यावर मोठीला बसवलं, आणि मुकादमाला हाताने लांब जायची खूण केली. मुकादम हापिसाच्या काचेआड जाऊन उभा राहिला. काचेला नाक लागेल इतका जवळ.

पाहुणी हसली. हसणं चांगलं होतं, तेच मोठीला जड गेलं. खडूस असती तर बरं झालं असतं.

"हाऊ आर यू?"

"आय अॅम फाइन."

काही झालं नाही. कुणी दंड केला नाही. मोठीने श्वास सोडला.

नाव विचारलं. स्वतःचं नाव ते काय पाठ करायचं, पण तिथेच ती अडखळली, कारण शेडमध्ये ते कुणी घेतच नसे. मग हाऊ लाँग आलं, फोर इयर्स गेलं. डू यू लाइक आलं, व्हेरी मच गेलं. गाडी रुळावर होती.

"आर यू टायर्ड?"

हे शिकवलेलं नव्हतं. मोठीला टायर तेवढा कळला. ट्रॅक्टरचा? गाडीचा? तिने काचेकडे पाहिलं. मुकादम तिथून ओठ हलवत होता, ते काही कळेना. "फाइन," ती म्हणाली. पाहुणीने मान डोलावली. मोठीच्या बगलेतून घाम ओघळला.

मग पाहुणी मागे वळली. हौदाच्या बाजूला तिने बोट केलं. मागचं दार आज उघडं होतं आणि त्यातून पांढरं ऊन आत आलं होतं. पण कुलपाने घासून कडीभोवतीचा गंज गेला होता आणि लोखंड चकचकीत झालं होतं, ते मात्र कुणी झाकलं नव्हतं.

"सो दे डोन्ट लॉक दॅट डोअर?"

मोठीला डोन्ट कळलं, लॉक कळलं, डोअर कळलं. सगळंच कळलं आणि तिला हायसं वाटलं. ते दार लावत नाहीत ना? हेच तर सांगायचं होतं.

"यस," ती झटकन म्हणाली. हो, नाही लावत.

पाहुणीचं हसू जागच्या जागी राहिलं. ती पुढे वाकली. हवेत दोन बोटांनी किल्ली फिरवून दाखवली. "यस? दे लॉक इट?"

आणि मोठीच्या पायाखालची जमीन सरकली. बाळ जेवलं नव्हतं आणि आपण यस म्हणून बसलो! अगदी सासूबाईंनी सांगितलं तेच, तसंच. कानाच्या पाळ्या तापल्या. पण अजून काही बिघडलं नव्हतं. पाहुणी थांबली होती. पुन्हा विचारत होती, बोटं तशीच धरून. एक नो म्हटलं की संपलं. ती हसेल, मोठीही हसेल, इंग्रजीची गंमत होऊन जाईल. मोठीने जीभ टाळूला लावली. नो तिथे तयार होता.

हौदापाशी धाकटी खोकायला लागली. दाबत होती बिचारी. पाहुण्यांसमोर खोकायचं नाही असा हुकूम होता, म्हणून दंडात तोंड खुपसून खोकत होती आणि तिची पाठ गदागदा हलत होती. पाण्याने भिजून तिचे तळहात पांढरे पडले होते. मोठीने ते हात पाहिले. तिला निळा सदराही दिसला. दोन्ही एकदम दिसले. तिला वाटलं, देवा, हिने तिसऱ्यांदा विचारू नये.

"यस," मोठी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिने स्वतःच बोटं उचलून किल्ली फिरवली. "लॉक."

पाहुणीने काही लिहिलं नाही. तिने मोठीच्या हातावर हात ठेवला, उठली आणि सरळ मागच्या दाराकडे गेली. कडीवरून अंगठा फिरवला. मग हापिसात गेली आणि दार लावून घेतलं. ते दार उघडेपर्यंत मोठी देठ खुडत राहिली. एकेक शेंग तिच्या हातात मोडत होती आणि आज तिला कुणी फाइन मारत नव्हतं.

पाहुणीची गाडी गेली तसा मुकादम बाहेर आला. तोंड काळंठिक्कर.

"काय विचारलं तिने? शब्दन् शब्द सांग."

"दे डोन्ट लॉक, म्हणाली. दार लावत नाहीत ना? मी म्हटलं यस. हो, नाही लावत."

मुकादम विचारात पडला. "मग बरोबरच आहे की."

"तिथे नो म्हणायचं असतं," हापिसातला माणूस मागून म्हणाला. मुकादमाला ते दोनदा समजावून द्यावं लागलं. समजल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"एवढं घोटवून घेतलं आणि ऐन वेळी माती खाल्लीस! अगं, चुकून गेलं ना तोंडातून?"

"चुकून गेलं," मोठी खाली मान घालून म्हणाली. भीती खरीच होती, त्यासाठी सोंग करावं लागलं नाही.

माल बंद झाला नाही. पण शेडच्या शेठने तासाभरात लोहार बोलावला आणि मागचं दारच बिजागऱ्यांतून काढायला लावलं. नुसती चौकट उरली. हौदापाशी वारा यायला लागला, गरम होता, पण वारा होता. धाकटी ओले हात तसेच धरून त्या चौकटीत उभी राहिली आणि बाहेर बघत राहिली.

"पुन्हा येणार आहे ती, न सांगता," सुटायच्या वेळी मुकादम मोठीला म्हणाला. "आणि तुझ्याशीच बोलणार म्हणे. म्हणून तुला काढता येत नाही, नाहीतर आजच घरी बसवली असती. काट्याचं विसर. तिथे दुसरा माणूस बघितलाय मी."

"मुकादम, त्यांचा काय दोष? चूक माझी..."

"म्हणूनच," मुकादम म्हणाला आणि किल्ल्या वाजवत निघून गेला.

घरी जाताना दोघी जावा एकामागून एक चालल्या. वाटेतल्या नळावर भरून घेतलेली घागर धाकटीने मोठीच्या हातातून आपल्याकडे घेतली. मोठी म्हणाली, "तू खोकतेयस, मी घेते." धाकटीने दिली नाही.

नवरा सदरा घालून बसला होता. उशीला टेकून, केस विंचरून. तिचा चेहरा बघून त्याने विचारलंच नाही, तिनेच सांगावं म्हणून वाट बघितली.

"दुसऱ्याला ठेवला," ती म्हणाली. "माझं बोलताना चुकलं. यस-नोची गडबड झाली."

त्याने सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाला, "परक्या भाषेचं असंच असतं. तू तरी काय करणार." एवढं बोलून त्याने बसल्या बसल्या सदरा काढला. एक बाही अडकली, ती सोडवायला मोठी पुढे झाली, तर त्याने तिचा हात बाजूला केला. आपल्या आपण काढला, घडी न घालता पायथ्याशी टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. शिव्या दिल्या असत्या तर मोठीला सोसलं असतं. तू तरी काय करणार, हे तिला सोसवलं नाही.

ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. सासूबाई तिथेच होत्या, आतलं सगळं ऐकून. आत धाकटी चूल पेटवत होती, मधूनच खोकत होती.

"बाळ उपाशी निजलं ती गोष्ट तुला सांगितली होती ना मी?"

"हो, आई."

"नीट ध्यानात ठेव म्हटलं होतं. तू तर एकदा ऐकलेलं विसरत नाहीस."

मोठी नखांखालचा हिरवा चीक काढत राहिली. सासूबाई थोड्या सरकून तिच्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू विसरली नव्हतीस?"

"हो," मोठी म्हणाली.

सासूबाईंनी मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघितलं. "हे आपलं हो, का इंग्रजीतलं?"

मोठीने दाराकडे नजर टाकली. खाटेवरची पाठ हलत नव्हती.

"हळू बोला, आई," ती म्हणाली. "ते जागे आहेत."